मिन्मसला रेंज का जाते? खेळातली अँटेना आणि खोडदचा कान

भोकरहून मामाच्या मुलाचा फोन होता. बारावीची परीक्षा झालीय, सीईटीचा निकाल यायचाय, आणि तोवर गडी दिवसभर ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ खेळत बसलाय. म्हणाला, “ताई, माझं यान मुनला बरोबर जातंय बघ. पण मिन्मसकडं निघालं की अर्ध्या रस्त्यातच रेंज जाती, मग सांगितलेलं नीट ऐकत नाही. मोठी अँटेना लावू का?” मी म्हटलं, यानाला हात लावू नको, आधी जमिनीवरची अँटेना बघ. त्याला ते काही पटलं नाही. “रेंज यानाची गेलीय आणि तू जमिनीचं काय सांगायलीस?”

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर फोनवर मावण्यासारखं नाही. माझं पीएचडीचं काम फार कमकुवत रेडिओ सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरवर चाललंय, त्यामुळे या प्रश्नावर मी तासभर सहज बोलू शकते, पण समोरचा ऐकेलच असं नाही. म्हणून लिहून काढते.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: कर्बिन नावाचा एक छोटासा ग्रह आहे, त्याला दोन चंद्र. जवळचा मुन, १२,००० किलोमीटरवर. लांबचा मिन्मस, ४७,००० किलोमीटरवर. तुम्ही रॉकेट जोडायचं, उडवायचं, आणि बहुतेक वेळा पाडायचं. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये यान कुठंही गेलं तरी संपर्काची फिकीर नव्हती. ऑक्टोबर २०१६ मध्ये १.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात संपर्काचं जाळं आलं. तेव्हापासून अँटेना विचारपूर्वक निवडावी लागते. (हा ऑक्टोबर २०१६ लक्षात ठेवा. त्याच महिन्यात आपल्या जुन्नर तालुक्यात एक खरा प्रसंग घडला, त्याच्याकडे येतेच.)

आता हिशेब. खेळात प्रत्येक अँटेनाला तिच्या ताकदीचा एक आकडा दिलेला असतो. सगळ्यात आधी मिळणारी ‘कम्युनोट्रॉन १६’ ही काडीसारखी अँटेना, तिचा आकडा ५ लाख. जमिनीवरच्या ट्रॅकिंग स्टेशनलाही आकडा असतो: पहिल्या पातळीवर २०० कोटी, दुसऱ्या पातळीवर ५,००० कोटी, तिसऱ्या पातळीवर २५,००० कोटी. दोघांचं बोलणं किती अंतरापर्यंत होईल ते काढायला दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. येईल ते अंतर, मीटरमध्ये.

५ लाख गुणिले २०० कोटी, त्याचं वर्गमूळ साधारण ३ कोटी १६ लाख मीटर, म्हणजे ३१,६०० किलोमीटर. मुन त्याच्या आत येतो, मिन्मस बाहेर राहतो. मामाच्या मुलाची रेंज नेमकी इथं संपत होती. आता यान तसंच ठेवा, काडीही तीच, फक्त ट्रॅकिंग स्टेशन दुसऱ्या पातळीवर न्या: उत्तर येतं १,५८,००० किलोमीटर. मिन्मस आरामात आत. तिसऱ्या पातळीवर तेच साडेतीन लाख किलोमीटरच्या वर जातं. यानावर एक ग्रॅम वजन न वाढवता.

हे सूत्र खेळ बनवणाऱ्यांनी मनानं ठोकून दिलं असेल असं वाटतं. तसं नाही. वर्गमूळ तिथं का आहे हे समजलं की अँटेनाचं निम्मं शास्त्र समजलं म्हणून समजा.

रात्री शेतात बॅटरी घेऊन उभे राहा आणि प्रकाश भिंतीवर पाडा. दुप्पट लांब गेलात की प्रकाशाचा गोळा रुंदीलाही दुप्पट होतो आणि उंचीलाही. म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि प्रत्येक वीतभर जागेच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. रेडिओ लहरीचंही हेच. अंतर दुप्पट, सिग्नल पाव. अंतर दहापट, सिग्नल शंभरावा भाग. ऐकणाऱ्याच्या हातात काय येतं? पाठवणाऱ्यानं आपल्या दिशेला जेवढं जोर लावून सोडलं, गुणिले ऐकणाऱ्याची तबकडी जेवढी मोठी, भागिले अंतराचा वर्ग. सिग्नल ओळखू येण्यासाठी हे उत्तर एका किमान मर्यादेच्या वर राहायला हवं. आता गणित उलटं फिरवा: जास्तीत जास्त अंतर म्हणजे दोघांच्या ताकदीच्या गुणाकाराचं वर्गमूळ. खेळातलं सूत्र अगदी हेच आहे. खऱ्या अवकाश संस्थांचे अभियंते हाच हिशेब बऱ्याच जास्त ओळींत मांडतात, पण गाभा हाच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अपग्रेडचा फायदा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. स्टेशन २५ पट ताकदवान केलं तर अंतर ५ पटच वाढतं. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. गुणाकारात कोणती बाजू वाढवली याला काही अर्थ नाही. यान चौपट करा किंवा जमीन चौपट करा, उत्तर एकच. मग प्रश्न उरतो तो फक्त सोय आणि खर्चाचा. जमिनीवर वजनाची फिकीर नाही, वीज हवी तेवढी, बिघडलं तर माणूस शिडी लावून वर चढतो. आणि जमिनीवरचं एक अपग्रेड उडालेल्या सगळ्याच यानांच्या कामाला येतं. मी त्याला जमिनीचं सांगितलं ते म्हणून. अर्थात ड्युनाला, म्हणजे खेळातल्या मंगळाला जायचं तर काडी पुरणार नाही. तो लांब असतो तेव्हा साधारण ३ कोटी ४३ लाख किलोमीटरवर असतो, तिथं यानावर मोठी तबकडी लागतेच. पण मिन्मससाठी नाही.

खऱ्या जगात तर पुष्कळदा पर्यायच नसतो. खेळात जुनं यान सोडून नवं, मोठ्या अँटेनाचं यान पाठवता येतं. व्हॉयेजर २ हे यान १९७७ साली निघालं. त्याची तबकडी ३.७ मीटरची, ट्रान्समीटर साधारण २३ वॅटचा, म्हणजे घरातल्या एका ट्यूबलाइटपेक्षाही कमी. तो आता कोणी बदलू शकत नाही. १९८९ मध्ये ते नेपच्यूनपाशी पोचणार होतं, आणि तिथून सिग्नल फारच बारीक येणार हे आधीपासून माहीत होतं. मग नासानं काय केलं? पृथ्वीवरच्या आपल्या ६४ मीटरच्या तबकड्या ७० मीटरच्या केल्या. नुसत्या क्षेत्रफळात जवळजवळ २० टक्के वाढ, शिवाय पृष्ठभाग जास्त काटेकोर केला तो फायदा वेगळा. वर अमेरिकेतल्या एका रेडिओ दुर्बिणीच्या २७ तबकड्याही मदतीला घेतल्या. यान होतं तेच राहिलं, कान मोठे झाले.

गॅलिलिओचं प्रकरण याहून वाईट होतं. गुरूकडे निघालेल्या या यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती. एप्रिल १९९१ मध्ये ती उघडायची आज्ञा दिली आणि ती अडकली, पूर्ण उघडलीच नाही. सेकंदाला १,३४,००० बिट पाठवायचा बेत होता. आता हाताशी राहिली छोटी अँटेना, जिच्यातून सुरुवातीला सेकंदाला दहा-वीस बिट येणार होते. छत्री कायमची अडकलीय आणि यान कोट्यवधी किलोमीटर लांब. तरीही मोहीम वाया गेली नाही. यानातलं सॉफ्टवेअर इथून बदललं, माहिती आधी दाबून लहान केली, आणि जमिनीवरच्या अनेक तबकड्या जोडून एक केल्या. वेग १६० बिटपर्यंत गेला. मूळ बेताच्या मानानं तो क्षुल्लकच, पण गुरूच्या चंद्रांबद्दल आपल्याला जे काही कळलं त्यातलं पुष्कळसं या बारीक धारेतून आलंय.

उलट्या दिशेचं उदाहरण तुमच्या छतावरच आहे. १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वी इथं देशाचं उपग्रह केंद्र सुरू झालं. तिथं ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलायला सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी लागली होती. आज भोकरमध्ये पत्र्यावर बसवलेली दोन फुटांची डिश तेवढ्याच अंतरावरून टीव्ही पकडते. दोन्हींच्या क्षेत्रफळात अडीच हजार पटींचा फरक आहे. आर्वीला बोलायचंही होतं, आपली डिश फक्त ऐकते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण मुख्य कारण हेच की मधल्या काळात उपग्रह ताकदवान झाले, लहरी आखूड झाल्या आणि उपग्रहांच्या अँटेना नेमक्या देशावर रोखल्या गेल्या. गुणाकारातला भार आकाशानं उचलला म्हणून जमिनीला लहान होता आलं. एक उपग्रह आणि कोट्यवधी डिश असतील तर हेच परवडतं. एकच यान आणि एकच केंद्र असेल तर मोठं व्हायची पाळी केंद्रावर येते.

फिरव, अजून थोडं, बास बास!

अँटेनाची ‘ताकद’ म्हणजे काय, हा प्रश्न खेळात कोणी विचारत नाही. अँटेना स्वतः वीज तयार करत नाही. ती आहे तेवढी ऊर्जा एका दिशेला गोळा करते. उघडा बल्ब आणि बॅटरी यांच्यात जो फरक आहे तोच. बल्ब सगळीकडे थोडा थोडा, बॅटरी एकीकडेच भरपूर.

दूरदर्शनचे दिवस आठवणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. काठीवर काड्यांची अँटेना, एक जण छतावर, एक जण दारात, एक जण टीव्हीपुढं. “आलं का?” “नाही, मुंग्याच हायेत!” “आता?” “आलं आलं, हलवू नको!” आणि वाऱ्यानं ती बोटभर फिरली की मॅचच्या शेवटच्या ओव्हरला पुन्हा मुंग्या. ती अँटेना एकाच दिशेला नीट ऐकत होती म्हणून लांबचं केंद्र पकडू शकत होती. आणि त्याच कारणानं ती चुकीच्या दिशेला बहिरी होती. लांब ऐकायचं तर अरुंद ऐकावं लागतं, यातून सुटका नाही.

म्हणून खऱ्या यानांवर एक अँटेना नसते. मंगळयानावर तीन प्रकारच्या होत्या: सगळीकडे थोडं थोडं ऐकणारी छोटी, एक मधली, आणि मंगळापर्यंतच्या अंतरासाठी २.२ मीटरची तबकडी. तिची लहर साधारण १३-१४ सेंटिमीटरची. मी कागदावर हिशेब केला तर अशी तबकडी आपल्या दिशेला बल्बच्या तुलनेत हजार-दीड हजार पट जोर देते, आणि त्या बदल्यात तिचा झोत जेमतेम चार अंशांचा राहतो. ती बंगळुरूजवळच्या ब्यालाळू इथल्या ३२ मीटरच्या तबकडीशी बोलायची, पण त्यासाठी अख्ख्या यानानं तोंड पृथ्वीकडे करून राहायला हवं.

कर्बलमध्ये हे काहीच नाही. तिथली तबकडी कुठंही बघत असली तरी चालते. मला वाटतं खेळ बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम सोडलं असावं, नाहीतर निम्मा वेळ अँटेना फिरवण्यातच गेला असता. पण खरी किंमत बघा: जुलै २०२३ मध्ये एका आज्ञेमुळे व्हॉयेजर २ ची तबकडी पृथ्वीपासून फक्त २ अंश बाजूला वळली आणि संपर्क तुटला. दोन अंश म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढं. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा केंद्रातून पूर्ण ताकदीनं आज्ञा पाठवली गेली, यानाला ती कशीबशी ऐकू गेली, आणि ते परत वळलं.

खोडद, १९ ऑक्टोबर २०१६

आता आपल्याकडचा प्रसंग. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात खोडद गावाजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, आणि कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीनं, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, टोकं एकमेकांपासून २५ किलोमीटरपर्यंत लांब, आणि मधे द्राक्षं, कांदा, ऊस. सगळ्या तबकड्यांचं क्षेत्रफळ जोडलं तर जवळजवळ १२ एकर भरतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या खात्यापित्या घरचं एक शेत.

या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. बघणारा पहिल्यांदा हेच विचारतो, की भोकातून सिग्नल गळून जात नाही का? नाही जात, कारण लहर भोकापेक्षा फार मोठी आहे. एक-दोन सेंटिमीटरची भोकं आणि पाऊण मीटरची लहर. लहरीला ती सलग भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. स्वरूप यांची ही युक्ती नसती तर एवढ्या पैशात एवढ्या तबकड्या झाल्या नसत्या.

२०१६ च्या सुमाराला या दुर्बिणीचं अपग्रेड चालू होतं. खेळातल्यासारखं इमारत पाडून मोठी बांधली, असं काही नव्हतं. तबकड्या होत्या त्याच राहिल्या. बदललं ते तबकडीच्या तोंडाशी टांगलेलं फीड, त्याच्या मागचा पहिला ॲम्प्लिफायर, सिग्नल आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरची यंत्रणा, आणि शेवटची संगणकीय व्यवस्था. आधी ही दुर्बीण ठरावीक पट्ट्यांतच ऐकायची, ३२५ मेगाहर्ट्झच्या आसपास, ६१० च्या आसपास, असं. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा. अपग्रेडनंतर ५० पासून १,५०० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग, आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत.

मंगळावर त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेचं ‘स्कियापारेल्ली’ हे यान उतरणार होतं. ते ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होतं. जुन्या पट्ट्यांमध्ये बघा, ३२५ आणि ६१० च्या मधोमध पडतं. नव्या २५० ते ५०० च्या पट्ट्यात ते बरोबर आत येतं. स्कियापारेल्लीचा तो छोटा ट्रान्समीटर मुळात पृथ्वीसाठी नव्हताच. तो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी ऐकावा म्हणून होता. पण त्याचं मूळ यान त्याच वेळी स्वतः मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या गडबडीत असणार, त्यानं नोंदवलेली माहिती नंतर मिळणार. त्या घटकेला थेट ऐकायचं तर पृथ्वीवरून ऐकायला हवं. म्हणून नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा रिसीव्हर खोडदला आणून जोडला होता.

किती बारीक आवाज ऐकायचा होता याचा अंदाज करू. समजा ट्रान्समीटर ५ वॅटचा आणि सगळीकडे सारखा पसरवणारा आहे. मंगळ त्या दिवशी साडेसतरा कोटी किलोमीटरच्या आसपास होता. मग ४५ मीटरच्या एका तबकडीच्या हाती येणारी शक्ती म्हणजे एका वॅटचे एकावर वीस शून्यं इतके भाग केले तर त्यातला एखादा भाग.

गंमत अशी की एवढ्यानं अडत नाही. अडतं ते गोंगाटानं. आकाश, जमीन आणि ॲम्प्लिफायर स्वतः, सगळेच सतत खरखर करत असतात, आणि जितका रुंद पट्टा ऐकाल तितकी जास्त खरखर आत येते. पट्टा एक हर्ट्झचाच ठेवला तर माझ्या ढोबळ हिशेबानं एकट्या तबकडीतही सिग्नल खरखरीच्या काही पट वर निघतो. पण यान काय ‘बोलतंय’ ते समजायला हजारो हर्ट्झ रुंद पट्टा लागतो, आणि तिथं शब्द खरखरीत बुडून जातात. म्हणून खोडदला ऐकू येणार होती ती फक्त एक सुई, एक सलग सूर. जत्रेतल्या गलक्यात लांबून सनई ऐकू यावी, कोणतं गाणं ते मात्र कळू नये, तसं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अपग्रेडच्या बातम्यांत ती हरवते. ४०० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा खगोलशास्त्रज्ञांसाठी वरदान आहे, कारण ताऱ्यांचा आणि दीर्घिकांचा आवाज सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो. यानाच्या सुईसाठी त्या रुंदीचा काही उपयोग नाही. यानासाठी उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी: ४०१ या जागी कान उघडा असणं, आणि पहिला ॲम्प्लिफायर शांत असणं. एकच अपग्रेड, दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळे फायदे. खेळातला एकच आकडा हे सांगू शकत नाही.

नुसत्या सुरातून काय कळतं? बरंच. गाडी जवळ येताना हॉर्नचा आवाज चढतो आणि लांब जाताना उतरतो, तसा यानाच्या वेगाप्रमाणे सूर सरकतो. स्कियापारेल्ली मंगळाच्या वातावरणात तासाला सुमारे २१,००० किलोमीटर वेगानं शिरलं. तो सगळा वेग आपल्या दिशेनं धरला तर सूर पावणेआठ हजार हर्ट्झनं सरकतो, आणि आपण तर हर्ट्झ-हर्ट्झ मोजतोय. वातावरणाचा ब्रेक लागला, पॅराशूट उघडलं, हे सगळं त्या रेषेच्या वळणात दिसतं.

त्या संध्याकाळी खोडदच्या पडद्यावर ती रेषा दिसत होती. प्रत्येक क्षण पावणेदहा मिनिटं जुना, कारण प्रकाशाला यायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणजे इथं यान अजून हवेत दिसत होतं तेव्हा तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रेषा पुढं सरकत गेली आणि उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी संपली.

नंतर चौकशीत कळलं ते असं. पॅराशूट उघडताना यान जोरात हेलकावलं आणि फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण साधारण सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकून बसलं. संगणकानं त्या आकड्यावरून उंची काढली, ती आली जमिनीच्या खाली. आपण उतरलोच आहोत असं समजून त्यानं पॅराशूट सोडून दिलं आणि इंजिनं तीन सेकंदांतच बंद केली. यान तेव्हा जमिनीपासून जवळजवळ पावणेचार किलोमीटर वर होतं.

खोडदहून आलेल्या त्या तुटलेल्या रेषेनं यान वाचणार नव्हतं. पण घोळ शेवटच्या मिनिटात आहे, पॅराशूट उघडेपर्यंत सगळं ठीक होतं, एवढं त्याच संध्याकाळी समजलं. सगळी नोंद मूळ यानाकडे होती आणि ती नंतर आली, तपास तिच्यावरच झाला. खेळात यान आपटलं की एक बटण दाबून मागच्या क्षणाला परत जाता येतं. तसं बटण नसतं तिथं शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकत राहायला इतका खर्च का करतात, ते मला या प्रसंगावरून नीट समजलं.

खेळानं काय लपवलंय

तबकडी रोखण्याचं वर आलंच. प्रकाशाला लागणारा वेळही मूळ खेळात नाही, आज्ञा दिली की यान लगेच वळतं. आणखी एक मोठी थाप म्हणजे रेंजची कड. खेळात एका ठरावीक अंतरानंतर संपर्क शून्य. खऱ्या जगात अशी कड क्वचितच असते. सिग्नल कमकुवत झाला की हळू बोलायचं, म्हणजे प्रत्येक बिट जास्त वेळ पाठवायचा. व्हॉयेजर गुरूपाशी होतं तेव्हा सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवायचं. नंतर लांबून १६० वर आलं. तुटलं नाही, सावकाश झालं.

अनेक अँटेना जोडण्याच्या बाबतीत मात्र खेळ उगाच कंजूष आहे. तिथं बहुतेक अँटेना चार लावल्या तर ताकद चौपट न होता २.८ पटीच्या आसपास होते. प्रत्यक्षात तबकड्या नीट एका तालात जोडल्या तर चार म्हणजे चौपट, तीस म्हणजे तीसपट. तालात जोडणं हेच अवघड काम. २५ किलोमीटरवर पसरलेल्या तबकड्यांचे सिग्नल लहरीच्या छोट्या अंशाइतके जुळवायचे म्हणजे फायबरची लांबी उन्हानं किती वाढली इथपर्यंत हिशेब येतो. माझे निम्मे दिवस असल्याच गोष्टींत जातात.

आणि अपग्रेड खेळात एका क्लिकवर होतं. कॅनबेराची ७० मीटरची तबकडी मार्च २०२० मध्ये दुरुस्ती आणि अपग्रेडसाठी बंद केली. व्हॉयेजर २ दक्षिणेकडे गेलंय, त्याला आज्ञा पाठवू शकणारी जगात तीच एक. म्हणजे जवळजवळ ११ महिने यानाचं ऐकू येत होतं, पण त्याला नेहमीसारखं काही सांगता येत नव्हतं. मधे २९ ऑक्टोबर २०२० ला नवी यंत्रणा तपासायला एक आज्ञा पाठवली. यान १,८८० कोटी किलोमीटरवर. उत्तर यायला जवळजवळ ३५ तास लागले. उत्तर आलं, तबकडी पास झाली, आणि उरलेलं काम फेब्रुवारी २०२१ पर्यंत चाललं.

ज्यांना या तबकड्या प्रत्यक्ष बघायच्यात त्यांच्यासाठी: २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते. नांदेडहून पुण्याला रेल्वे, पुढं नाशिक रस्त्याची एसटी धरून नारायणगाव, तिथून खोडद जवळच. तारीख आधी विचारून घ्या. तबकडीजवळ गेल्यावर मोबाइल मात्र बंद ठेवा, नुसता सायलेंट नाही. खिशातला फोन त्या कानाच्या इतका जवळ असतो की अंतराच्या वर्गाचं वरचं सगळं गणित तिथं उलटं लागू पडतं.